पुढचा ठिपका

१

बाबांची दाढी करणं हे माझं दिवसातलं पहिलं काम. त्यांचे हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी आधी दुकान माझ्यावर सोपवलं आणि पाठोपाठ दाढी. खिडकीपाशी खुर्ची, गळ्याभोवती जुना टॉवेल, वाटीत कोमट पाणी. बाजारातला रेझर त्यांना चालत नाही. वस्तराच हवा. धार मी लावायची आणि त्यावर अंगठा फिरवून पास की नापास ते त्यांनी ठरवायचं. दाढी झाल्यावर ते गालावरून उलटा हात फिरवतात आणि म्हणतात, "चालेल." याच्यापेक्षा मोठं कौतुक त्यांना येत नाही.

घरात आम्ही दोघंच. दादा आणि वहिनी गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतात.

दुकान म्हणजे एका जुन्या इमारतीच्या तळघरातली खोली. गिटार, बेस, कीबोर्ड, जे बंद पडेल ते आमच्याकडे येतं. बाबांनी मला शिकवताना एकच गोष्ट डोक्यात भरवली: दुसऱ्याने केलेला गलिच्छ जोड दिसला की तो आधी काढायचा, मग पुढचं बघायचं. तारेवर सोल्डरचा गोळा बसलेला दिसला की मला अजूनही कुणाच्या तरी नाकाला शेंबूड लागलेला दिसावा तसं होतं.

वाजवता मात्र मला येत नाही. बाबा निदान दोन-चार चाली वाजवायचे, मला तेही नाही. बेस दुरुस्त झाला की मी चार सूर वाजवून बघते, प्रत्येक वेळी तेच चार. गिऱ्हाइकं म्हणतात, "ताईंचं गाणं झालं, आता बेस घरी न्यायला हरकत नाही." मीही हसते. पण आयुष्य वाद्यांत घालवून वाजवता न येण्याची लाज आतून कुरतडत असते, ती काही हसून जात नाही.

२

लांबू दुपारी आला. त्याचं खरं नाव कुणी घेत नाही. तळघराच्या दारातून वाकून यावं लागतं एवढा उंच, म्हणून लांबू. एका हॉटेलातल्या बँडमध्ये रोज संध्याकाळी बेस वाजवतो. हात इतका बिनचूक की बँडचे मास्तर इतरांना त्याचं उदाहरण देतात.

"पट्टीवरचे दिवे बिघडलेत, ताई," तो म्हणाला.

स्टेजवर अंधार असतो. बोट कुठे ठेवायचं ते दिसावं म्हणून काही बेसच्या पट्टीच्या कडेला बारीक एलईडी बसवलेले असतात, एकेक ठिपक्याएवढे. हे माझ्या रोजच्या सरावातलं काम. बॅटरी उतरलेली असते, नाहीतर मान आणि धड जिथे जुळतात तिथली तार सुटलेली असते. मी बॅटरी मोजली, ठीक होती. केबल खोचली. ठिपके लागले, वरपासून खालपर्यंत, सगळे, छान निळसर.

"चांगले लागतायत की!"

"तेच तर," लांबू म्हणाला. "सगळे लागतायत."

शेजारचा घड्याळवाला चहा प्यायला माझ्याकडे येऊन बसला होता. त्याला आधी हसू फुटलं आणि मग मलाही आवरेना. "लांबूभाऊ," मी म्हटलं, "सगळे दिवे लागणं हा बिघाड असेल, तर माझं दुकान आजच बंद करते." घड्याळवाल्याने तेच वाक्य पुन्हा म्हणून दाखवलं. आम्ही डोळे पुसेपर्यंत हसलो.

लांबू हसला नाही. त्याची मान खाली गेली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"आधी एकच लागायचा," तो हळू म्हणाला. "पुढचा." मग बेस तिथेच टेकवून, दाराला डोकं आपटत, तो निघून गेला.

३

संध्याकाळी घड्याळवाला गेल्यावर मी बेसची मान सोडवली. खाचेत, जिथे पट्टीकडून आलेल्या तारा धडातल्या तारांना मिळतात, तिथे एक जोड दिसला. उघडी तार आडवी टाकून तिच्यावर सोल्डरचा ढेकूळ ओतलेला. कारागिराचं काम नव्हतंच. घरी, घाईघाईत, थरथरत्या हाताने कुणीतरी केलेलं. लाकूडही दोन ठिकाणी जळलं होतं.

लांबूनेच केला असणार. खरं तर त्याला फोन करून विचारायला हवं होतं. पण गलिच्छ जोड दिसला की माझा हात थांबत नाही. मी सोल्डर तापवून शोषून घेतलं, तार उपटली, जागा घासून स्वच्छ केली, मान परत बसवली आणि केबल खोचली.

एकही ठिपका लागला नाही. मी स्वतःशीच म्हटलं, झालं, चालू होतं ते बंद पाडलंस. मीटर घ्यायला वळले आणि सवयीने तारेवर बोट ठेवून माझ्या चार सुरांतला पहिला सूर वाजवला.

पट्टीच्या मधोमध एक ठिपका लागला. एकच.

सैल तार, मी म्हटलं. सगळे ठिपके दोनच तारांवर असतात. लागले तर सगळे, नाहीतर एकही नाही, हे मला झोपेतही सांगता येईल. मी मान हलवून पाहिली, धड ठोकून पाहिलं. ठिपका जराही लुकलुकला नाही. मग मी त्या ठिपक्यावर बोट ठेवलं, नुसतं बघायला. सूर वाजला. तो ठिपका विझला आणि दोन घरं वर दुसरा लागला.

माझ्या चार सुरांत तो सूर नव्हता.

४

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा एक पूर्ण चाल वाजवली. ठिपका जिथे लागेल तिथे बोट न्यायचं, एवढंच काम. सुरुवातीला मी मागे पडत होते आणि तो थांबत होता. शिकवणारा थांबतो तसा, न वैतागता. हळूहळू माझं बोट वेळेवर पोचायला लागलं. तळघरात त्या जाड तारांचा आवाज भरून राहिला आणि कपाटाच्या काचा त्याबरोबर बारीक वाजू लागल्या. मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, आनंदाने आलं.

दुसऱ्या दिवशी लांबूचा फोन आला. "झालं का, ताई?"

"एक पार्ट यायचाय," मी म्हटलं.

कुठलाही पार्ट यायचा नव्हता. तो रोज विचारायचा, मी रोज हेच सांगायचे. एकदा तो स्वतः आला. आत न येता दारात वाकूनच उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तरांनी दुसरा माणूस बघून ठेवलाय. काहीतरी करा." बेस माझ्या मागे चादरीखाली होता. "मी काय करू, माल पुढूनच येत नाही," मी म्हटलं, आणि वर जरा आवाज चढवला. चोराच्या उलट्या बोंबा मारताना आपला आवाज किती खरा वाटतो, ते मला तेव्हा कळलं.

तो गेल्यावर मी चादर काढली.

वाजवताना एकच गोष्ट खटकायची. पट्टी जिथे संपते, तिथून पुढे धडाचं नुसतं लाकूड असतं. तिथे ना दिव्यांची वायर ना एलईडी. एका चालीच्या शेवटी ठिपका तिथे लागला, लाकडावर. मी बोट टेकवलं. तो विझला आणि टेबलाच्या कडेला लागला.

कुठूनतरी परावर्तन होत असेल, असं मी ठरवलं. केबल काढली आणि घरी गेले.

५

घरी तो आधी कुलपावर दिसला. जिन्यात अंधार होता, किल्ली लागत नव्हती, आणि बरोबर भोकापाशी निळसर ठिपका उगवला. मग स्वयंपाकघराच्या बटणावर. मग, बाबांच्या चष्म्याचा स्क्रू दोन दिवस सापडत नव्हता, तर कपाटाखाली, त्या स्क्रूवरच. दिवसभर बारीक कामं करून डोळ्यांपुढे ठिपके येतात, ते मला माहीत होतं. पण डोळ्यांपुढचे ठिपके स्क्रू शोधून देत नाहीत. हेही मला कळत होतं आणि तरी मी डॉक्टरकडे गेले नाही. मला ते आवडायला लागलं होतं. माझे हात कुठेच अडखळत नव्हते.

"हल्ली तुझ्या हाताला भलताच वेग आलाय," बाबा म्हणाले.

घड्याळवाल्याने एक दिवस बातमी आणली. लांबू उसना बेस घेऊन स्टेजवर उभा राहिला आणि पहिल्याच गाण्यात थांबला. चुकला नाही, नुसता थांबला. बोट हवेत धरून पट्टीकडे बघत राहिला. आधी कुणी खाकरलं, मग मागच्या टेबलांवरची माणसं हसायला लागली. शेवटी मास्तरांनी त्याला हाताला धरून खाली उतरवलं. "एवढा मोठा माणूस, पोरासारखा उभा होता म्हणे," घड्याळवाला म्हणाला आणि हसण्यासाठी माझ्याकडे पाहिलं.

मी कप खाली ठेवला. चादरीखालचा बेस माझ्या पाठीला टेकला होता.

मी उद्याच तो परत करायचा, असं ठरवलं.

६

सकाळी पाऊस नव्हता, ऊन नव्हतं, नुसतं ढगाळ होतं. खिडकीतून येणारा उजेड राखाडी होता. बाबांनी मान मागे टाकून डोळे मिटले. मी उजवा गाल केला, डावा गाल केला, हनुवटी केली. बाबा घड्याळवाल्याच्या मेहुण्याची कसलीशी गंमत सांगत होते.

ठिपका त्यांच्या गळ्यावर लागला.

कंठाच्या जरा बाजूला, जिथे शीर उडताना दिसते तिथे. लहान, निळसर, स्थिर. त्याच्या उजेडात तिथल्या कातडीवरच्या सुरकुत्यासुद्धा दिसत होत्या.

मला भीती वाटली, असं मला सांगायचंय. पण त्या क्षणी भीती नव्हती. तळघरात एक सूर वाजून दुसऱ्याकडे बोट जाताना जे वाटायचं तेच वाटलं, की आता इथे, वेळेवर. हात निघाला होता. वस्तरा तिरका धरायचा असतो, तो सरळ झाला होता. आणि मी तो सरळ होताना बघत होते, दुसऱ्या कुणाचा हात बघावा तशी.

"थांबलीस का?" बाबांनी डोळे न उघडता विचारलं. "चालेल का, सांग."

त्यांचा शब्द माझ्या कानावर पडला आणि मी वस्तरा फेकला. तो फरशीवर आपटून खाटेखाली गेला. बाबांच्या गळ्यावर रक्ताचा एक बारीक थेंब आला होता. त्यांनी हात लावून पाहिला आणि मलाच म्हणाले, "असू दे गं, होतं. मीच हललो असेन."

ते हलले नव्हते.

७

लांबूचं घर दोन खोल्यांचं. मी गेले तेव्हा भर दुपार होती आणि आत सगळे दिवे चालू होते. ट्यूबा, बल्ब, टेबलावरचा दिवा, मोरीतलासुद्धा. मी बेस पुढे केला. त्याने आधी मानेची खाच चाचपली.

"तो जोड काढलात?"

"काढला. पहिल्याच दिवशी." मला वर बघवेना. "पार्ट वगैरे काही नव्हतं, लांबूभाऊ. मी वाजवत होते."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो खुर्चीत बसला आणि हातांकडे बघत राहिला. "मीच घातला होता तो जोड," तो म्हणाला. "सगळे लागले की त्यातला तो कुठला, ते कळत नाही. पण मग वाजवता येईना. काढायची हिंमत होईना, आणि कुणीतरी काढावा असंही वाटत होतं. म्हणून तुमच्याकडे आणला. आहे की नाही लाज सोडलेलं काम?"

"आणि कशासाठी घातला होतात?"

त्याने आतल्या खोलीकडे पाहिलं. तिथे त्याच्या आईची खाट रिकामी होती, उशीपाशी तिचा कंगवा होता.

"आई कुठे असते?" मी विचारलं.

"बहिणीकडे. बहीण म्हणते, भावाने जबाबदारी झटकली. म्हणू दे." त्याने बेस भिंतीला टेकवून ठेवला. मग म्हणाला, "तिची नखं मी कापायचो. दिसत नाही ना तिला. बरी आहे आता."

निघताना मी बेसकडे हात केला. "परत जोडून देऊ?"

"आता त्यात काय आहे?" लांबू म्हणाला. त्याने केबल खोचली, माझ्यासमोर पट्टीवर बोट ठेवलं आणि सूर वाजवला. एकही ठिपका लागला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. तो माणूस माझ्यासाठी शरमला होता.

८

वस्तरा सापडत नाही, असं मी बाबांना सांगितलं. दाढीचे खुंट वाढले तसं त्यांनी खाली कट्ट्यावर जाऊन बसणं सोडलं. दाढी न केलेले ते कधी कुणाला दिसलेच नव्हते. न्हाव्याकडे नेण्याचा विचार केला होता मी. पण संध्याकाळी त्यांची गोळी काढताना ठिपका पाकिटावर लागला, एक काढल्यावर दुसरीवर, दुसरी काढल्यावर तिसरीवर, आणि भानावर आले तेव्हा माझ्या तळहातावर अख्खं पाकीट रिकामं झालेलं होतं. तेव्हापासून मी घरातले सगळे दिवे लावून ठेवते, दिवसासुद्धा.

"सूर्य कमी पडतो का तुला?" बाबा म्हणाले. ते एकेक बटण बंद करत जायचे आणि मी मागून लावत जायचे. शेवटी ते मधल्या खोलीत थांबले. "वस्तरा खाटेखाली आहे. मी पाहिलाय. तुला कंटाळा आला असेल तर तसं सांग."

मला खरं सांगता आलं असतं. लांबूने दुकानात खरं सांगितलं तेव्हा मी किती हसले होते, ते मला आठवलं.

"हो," मी म्हटलं. "आला कंटाळा."

त्यांनी मान हलवली. आजवर कधी इतकं सावकाश काहीतरी मोडताना मी पाहिलं नव्हतं, आणि मोडक्या वस्तू तर माझ्याकडे रोज येतात. दादाला त्यांनी स्वतःच फोन केला. दादा बॅग उचलताना माझ्याशी बोलला नाही. जिन्यात मात्र मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "आम्हाला नावं ठेवायची ना ही." बाबांनी मागे वळून पाहिलं नाही. गालावरून उलटा हात फिरवला, खुंट लागले असतील, आणि उतरले.

जीव भांड्यात पडला. लाजेने मी दुकानसुद्धा उघडलं नाही, पण बाबा लांब होते. सगळ्या दिव्यांखाली मी निवांत बसून असायचे, हात मांडीखाली घालून.

आज संध्याकाळी दादाचा फोन आला. आवाज मवाळ होता.

"वहिनीने न्हावी बोलावला होता, तर बाबांनी परत पाठवला. म्हणाले, तिलाच बोलवा. तिच्या हातासारखा हात नाही. वस्तरा बरोबर आणलाय त्यांनी, रुमालात गुंडाळून. ऐकतेस ना? राग नाहीये त्यांना. ये एकदा."

मला हुंदका आला. जावंसं वाटत होतं, धावत. नाही म्हणायचं होतं आणि त्यासाठी मी शब्द शोधत होते. घरातला एकेक दिवा चालू होता, कुठे सावलीसुद्धा नव्हती. तेवढ्या लखलखाटात समोरच्या दाराच्या कडीवर तो लागला, निळसर आणि स्थिर, मी वेळेवर पोचायची वाट बघत.

"येते," मी म्हटलं.